मिसेस टटल यांची व्हॅन

"आनंद जरा कमी पडतोय, मिसेस टटल," दिग्दर्शक ग्रेग म्हणाला. "पुन्हा आत जा. आम्ही दार वाजवू. तुम्हाला काही म्हणजे काही माहीत नाही."

दार चौथ्यांदा वाजलं. ओपल टटल यांनी ते चौथ्यांदा उघडलं, छातीवर हात ठेवला, आणि जुन्या गाड्या नव्या करून देणाऱ्या 'चाकांचं नशीब' या टीव्ही कार्यक्रमाने आपली व्हॅन निवडली हे ऐकून किंचाळल्या. खरं तर पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. कॅमेरेवाले सकाळी सातपासून त्यांच्याच अंगणात त्यांच्याच हातची कॉफी पीत होते.

मारिसेला किरोझ बाजूला उभी होती. अर्जांच्या ढिगातून माणसं निवडणं हे तिचं काम. ओपलबाईंचा अर्ज तिनेच काढला होता. वय एकसष्ट, नोकरी शाळेच्या स्वयंपाकघरात, शाळा वर डोंगरात. रोज तीस मैल वळणाचा रस्ता. व्हॅन नवऱ्याची, वेंडेलची. त्याला जाऊन दोन वर्षं झालेली.

ग्रेगने व्हॅनच्या दारांवर तपकिरी रंग फवारून गंज वाढवला. मागचा बंपर सोडवून दोरीने बांधायला लावला.

"पोरी, बंपर धड होता की गं," ओपलबाई मारिसेलाला म्हणाल्या.

"टीव्हीवर दिसायला हवं ना."

"असली सोंगं मला नाही बाई जमत."

मग त्यांना व्हॅनमध्ये बसवून वेंडेलबद्दल बोलायला सांगितलं. स्टिअरिंगवर हात ठेवून त्या सांगत गेल्या. शेवटच्या आजारात दवाखान्यात जाताना वेंडेलने शेजारच्या सीटवरून त्यांना गिअर कसा टाकायचा ते शिकवलं होतं, का, तर आपल्यामागे हिचं अडू नये. तेवढ्यात वरून विमान गेलं. पुन्हा घ्यावं लागलं. मग कुणाचा तरी कुत्रा भुंकला. तिन्ही वेळा त्यांचे डोळे भरून आले. आवाज टिपणाऱ्या माणसाने कानावरची यंत्रं काढून नाक शिंकरलं.

या सगळ्या नाटकात एवढं एकच खरं आहे, मारिसेलाला वाटलं.

कार्यक्रमाच्या कारखान्यात व्हॅनला जांभळा रंग ठरला. छताला दिवे, मागे मक्याच्या लाह्या फोडायचं यंत्र आणि शोभेच्या माशांची एक काचेची पेटी.

"आणि ब्रेक?" मारिसेलाने मेकॅनिक रुबेनला विचारलं.

"ब्रेक कॅमेऱ्यात दिसतात का?" रुबेनने चाक उघडून दाखवलं. "बघ. पॅड कागदाएवढा उरलाय. गिअरबॉक्सही शेवटचे श्वास मोजतोय."

"ती बाई रोज डोंगर उतरते, रुबेन."

"मला काय सांगतेस? तुझ्या साहेबाला सांग."

साहेबाने, म्हणजे ग्रेगने, घड्याळाकडे बघितलं. "मारिसेला, आपण गॅरेज चालवत नाही, कार्यक्रम चालवतो."

शनिवार-रविवार कारखाना बंद होता. रुबेनकडे किल्ली होती. दोघांनी मिळून ब्रेक बदलले, गिअरबॉक्स खाली उतरवला. मारिसेलाने आयुष्यात पहिल्यांदा हातात पाना धरला. नखांतलं काळं आठवडाभर निघालं नाही. पण काम सोमवारी आटपलं नाही, मंगळवारीही नाही. रंग लांबला, चित्रीकरण दोन दिवस पुढे गेलं.

"कुणी सांगितलं होतं?" ग्रेगने सगळ्यांसमोर विचारलं.

रुबेनने तोंड उघडलं. त्याला दोन मुली होत्या.

"मी," मारिसेला आधी म्हणाली. "किल्लीही मीच घेतली."

"मग आजचं चित्रीकरण झालं की तुझं सामान उचल."

त्या दिवशी ओपलबाई जांभळी व्हॅन बघून गुडघ्यांवर बसल्या. कॅमेरे बंद झाले तशी माणसं लाह्यांचं यंत्र आणि माशांची पेटी काढू लागली.

"निदान मासे तरी राहू द्या," त्या म्हणाल्या.

"मासे भाड्याचे आहेत, मॅडम."

मारिसेलाने त्यांना बाजूला घेतलं. "ब्रेक नवे आहेत. गिअरही. आता निर्धास्त उतरा डोंगर."

ओपलबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कुणाकडून तरी त्यांना कळलं असावं. "माझ्यापायी नोकरी घालवलीस? वेडी पोर! वेंडेल असता ना, तर तुला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नसतं."

मारिसेला घरी जाताना रडली, पण तिला वाईट वाटत नव्हतं.

चार महिने ती लोकांच्या लग्नांची चित्रणं करत हिंडली. मग दुसऱ्या कंपनीत, घरं नवी करून देणाऱ्या एका कार्यक्रमात बोलावणं आलं. मुलाखतीत विचारलं, "आधीची नोकरी का सुटली?" तिने सगळं सांगितलं. समोरची बाई ऐकतच राहिली. "आम्हाला असंच माणूस हवंय. खऱ्याची कदर असलेलं."

पहिल्याच दिवशी तिला हेमेट गावातला पत्ता मिळाला. निवड आधीच झाली होती. म्हातारा विधुर, स्वयंपाकघर पडायला आलेलं. बायको गेल्यापासून त्याने चूल पेटवली नाही, एवढंच तिला गाडीत कळलं.

दार उघडणारा माणूस उंच होता. इस्त्रीचा सदरा, दाढी घोटलेली. त्याने सगळ्यांना आत घेतलं, कॉफी विचारली. कॅमेरा लागला तसा तो जुन्या टेबलाशी बसला. मांडीवर चौकटीतला एक फोटो पालथा धरून ठेवलेला.

"घाई नाही," मारिसेला हळू आवाजात म्हणाली. "माझ्याकडे बघून बोला. आधी तुमचं नाव, मग त्यांच्याबद्दल काय वाटेल ते."

माणसाचे डोळे भरून आले. त्याने फोटो सुलटा केला.

"मी वेंडेल टटल," तो म्हणाला. "आणि ही माझी ओपल. हिला जाऊन दोन वर्षं झाली."