फायद्याचा रकाना

बत्तीस सालचा मृग तोंडावर होता. पोफळींच्या फळगळीवर संशोधन करणारे बाळाजीराव सफुराच्या वाडीत अर्ज घेऊन आले. सरकारी मदतीसाठी वाडीच्या मालकिणीचा अंगठा हवा होता. "आधी वाचून दाखवा," ती म्हणाली. 'समाजाला होणारा फायदा' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "या शोधामुळे इथल्या अडाणी बागायतदारांना सुपारीचे घड वाचवण्याची विद्या मिळेल." सफुराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पावसात फळं कुजून गळू नयेत म्हणून आधीच प्रत्येक घडावर वाळक्या विरीची, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालीची, टोपी बांधायची, हे सासूनं तिला शिकवलं होतं आणि तिनं या माणसाला. "असं लिहिल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, सफुराबी," ते पुटपुटले. तिनं पोफळीवर चढून टोप्या बांधणाऱ्या धर्माजी गड्याला हाक मारली. "या पोफळीच्या टोप्या सोडून टाक." मग बाळाजीरावांकडे वळली. "ही पोफळ तुमची. तुमच्या विद्येनं वाचवा. पावसात घड राहिले, तर अंगठा देते."