लिफ्कोवर जायचा बेत

"दहा तारखेला पहाटे चारला निघू," नेलिदा म्हणाली आणि तिनं वहीत पेन्सिलीनं तसं लिहिलं. "उजाडायच्या आत लिफ्को नदीच्या काठावर."

शेजारची एलुनेद समोर बसून नळीनं माते नावाचा कडू चहा पीत होती. गाडी तिची होती. मासेमारीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. "चार तर चार," ती म्हणाली. "आमिषाला काय घ्यायचं? माझ्याकडे मका पडलाय."

नेलिदाचा नवरा फाउस्तिनो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मार्चमध्ये त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यानं कुठल्याच नदीचं नाव काढलं नव्हतं. त्याआधी बत्तीस वर्षं तो परगावच्या लोकांना ट्राउट मासे दाखवत या नद्यांवर हिंडला होता.

"मका चालेल," नेलिदा म्हणाली आणि लिहू लागली. "मका, एक डबा."

खुर्ची करकरली.

"मका?" आजारानंतर त्याचे शब्द जड येत, पण हा स्वच्छ आला. "बदकं पाळायला निघालात का दोघी?"

"तू पड रे म्हाताऱ्या. आमचं चाललंय."

"लिफ्कोत आमिष चालत नाही. पिसांची खोटी माशी लागते. दोऱ्याला बांधायची आणि पाण्यावर अलगद सोडायची. दुसरं काही टाकलंत तर रखवालदार गळासकट तुम्हाला उचलून नेईल."

नेलिदानं मका खोडला. "बरं, माशी. चांगली मोठी घेऊ. माशाला लांबून दिसेल अशी."

"लांबून!" त्यानं डाव्या हातानं टेबल धरून खुर्ची वळवली. "अगं, झऱ्यांचं पाणी आहे ते. तळातला खडा न् खडा दिसतो. माशाला तुझ्या कानातलं डूलसुद्धा दिसेल. तांदळाच्या दाण्याएवढी माशी घ्यायची, करड्या रंगाची."

"तांदळाएवढी, करडी." तिनं लिहिलं. "आणि माझं लाल जाकीट. पहाटे गारठा असतो."

"लाल कशाला, घंटाच बांध ना गळ्यात! आणि पहाटे मरायला कशाला जाताय? ते काय डोंगरावरच्या बर्फाचं पाणी आहे? जमिनीतून येतं ते. उन्हाळा असो, हिवाळा असो, तेवढंच गार. तिथला मासा दहाच्या पुढे वर येतो, आरामात. सकाळी घरून पोटभर खाऊन निघायचं."

"मला हा मासा आवडायला लागलाय," एलुनेद म्हणाली.

नेलिदानं चार खोडून आठ केले. "पाण्यात उतरायचे बूट कुणाकडे मागू?"

"उतरायचंच नाही. तळाला गाळ आहे, मांडीपर्यंत रुताल. आणि पाय पडला की सगळे मासे पसार. काठावर बसायचं. गुडघ्यावर, नाहीतर सरळ बूड टेकून."

तो थांबला. आपणच काय बोललो ते त्याला आता ऐकू आलं असावं.

"बसूनच धरतात तिथे," तो हळू म्हणाला.

नेलिदा पेन्सिलीचं टोक बघत राहिली.

"गाडीत तीन माणसं बसतात," एलुनेद म्हणाली.

फाउस्तिनोनं मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "बसणं जमेल. गळाचा दोर कोण टाकणार?"

"मी."

"तुला येतं?"

"नाही. अकरा दिवस आहेत अजून."

त्यानं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. नेलिदानं भिंतीवरची त्याची गळाची काठी काढली आणि ती मागच्या दाराकडे निघाली. दाराशी एलुनेदनं तिला गाठलं.

"तुला हे सगळं ठाऊक होतं," ती कुजबुजली. "मका, जाकीट, सगळं."

"बत्तीस वर्षं त्याचा डबा भरलाय मी. लिफ्कोला जायचं असलं की सातच्या आत कधी उठवला नाही त्याला."

अंगणात नेलिदानं पहिल्यांदा दोर फेकला तो वाळत घातलेल्या कपड्यांत गेला आणि फाउस्तिनोची लोकरी चड्डी घेऊन आला. दुसऱ्या वेळी तिची टोपी उडाली. तिसऱ्या वेळी दोर चाबकासारखा कडाडला आणि कोंबड्या ओरडत पळाल्या.

"मनगट!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मनगट मोडू नकोस! घोडा हाकतेस का?"

"ऐकू येत नाही," नेलिदा ओरडली. "वारा आहे!"

वारा अजिबात नव्हता.

मग कुबडीचा आवाज आला. दाराला तीन पायऱ्या होत्या. एलुनेद पुढे व्हायला निघाली, तशी नेलिदानं मान हलवली. तीन पायऱ्या उतरायला त्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ नेलिदा पाठ करून दोरातला गुंता सोडवत राहिली. गुंता फारसा नव्हता.

तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. श्वास लागला होता.

"मागे जाऊ दे दोर. थांब. पुरता मागे जाऊ दे. आता सोड."

दोर पायाशी ढीग होऊन पडला.

"घाई करतेस. दोर मागे सरळ व्हायच्या आत पुढे ओढतेस. तो सरळ झाला की काठी जराशी जड लागते. हाताला कळतं ते. पुन्हा."

ती पुन्हा करत राहिली. तो थांब म्हणे, आता म्हणे, शिव्याही देई. एलुनेदनं फेऱ्या मोजायच्या सोडून दिल्या आणि ती पायरीवर बसली.

मग एकदा दोर नेलिदाच्या डोक्यावरून मागे गेला, हवेत पुरता उलगडला, पुढे आला आणि गवतावर सरळ उतरला. आवाज झाला नाही. नेलिदा वळून बघेना. तिला हाताला ते कळलं होतं.

फाउस्तिनोनं कुंपणाच्या खांबाला पाठ टेकली. कुबडी गवतावर टाकली. आणि डावा हात काठीसाठी पुढे केला.

"आण इकडे," तो म्हणाला.