वीस केबीतला चेहरा

"उघडला का?" आईने चौथ्यांदा विचारलं.

"उघडतोय. बारा एमबीचा फोटो आहे आई, दमादमानं येणार," मुलगा म्हणाला.

वेबसाइटवरचे फोटो हलके करणं हाच त्याचा धंदा. दुकानदार हत्तीएवढे फोटो पाठवत आणि पान लवकर उघडलं नाही की त्याच्याच नावानं खडे फोडत. तो फोटोचं वजन असं उतरवायचा, की बघणाऱ्याला फरक कळू नये.

आज समोर ताईचा फोटो होता. अकरा दिवसांपूर्वी ती सासरच्या घरातून बाहेर पडली, ती परतलीच नव्हती. तिच्या शोधासाठी भावोजींनी पान बनवायला सांगितलं होतं. फोटोही त्यांनीच पाठवला होता.

फोन वाजला. भावोजीच.

"झालं का? चेहरा ठसठशीत दिसू दे."

"फोटो जड असला तर लोक उघडायच्या आधीच बंद करतात, भावोजी."

"ते तुझं तू बघ. आजच्या आज टाक."

आईने फोन ओढून घेतला. "जावईबापू, काही कळलं की आधी तुम्हालाच सांगेन हो. तुम्ही जेवत जा वेळेवर."

त्याने फोटो लहान करून सेव्ह केला. मग त्याच फाइलवरून पुन्हा, आणि पुन्हा. कामाला तो चिकट होता. पाचव्या खेपेला बारा एमबीचे वीस केबी झाले. आता साध्यातल्या साध्या फोनवरही पान चुटकीसरशी उघडलं असतं.

आई चष्मा पुसून पडद्याजवळ आली. "हनुवटीवरचा तीळ दिसत नाही रे."

"हलका करताना बारीकसारीक जातं थोडं."

"आणि डोळे? माझ्यावर गेलेत तिचे डोळे. असे धुरकट का दिसतात?"

"तुझ्या डोळ्यांत पाणी आहे, आई."

तिला ते पटलं. हाताच्या पाठीने तिने डोळे पुसले.

"ओळखेल ना रे कोणीतरी तिला?"

तिचा हात धरून त्याने तिला आतल्या खोलीच्या दारापर्यंत नेलं.

ती आत जाऊन पडली. त्याने पान सुरू केलं, भावोजींना लिंक पाठवली. मग खणातला दुसरा फोन काढून मेसेज लिहिला.

"ताई, भावोजींनी मोडलेला हात दाखवायला उद्या बिनधास्त दवाखान्यात जा. त्या फोटोवरून तुला आता आईसुद्धा ओळखणार नाही."