लाल जीभ

"जिभा बाहेर काढा रे सगळ्यांनी!" निर्मलाबाई कडाडल्या आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या तेजलनं ओठ घट्ट मिटून घेतले.

टाकवे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या या वाडीच्या शाळेत आठवडाभर खडू नाहीसे होत होते. घुशीला काही फळ्याची हौस नसते, तेव्हा चोर दोन पायांचाच, असं बाईंनी ठरवून टाकलं. काल त्यांनी खडूचा डबा कपाटात कुलूपबंद केला. कपाटात रक्त वाढायच्या गोळ्यांचा खोका धूळ खात पडला होता, त्याच्यावरच ठेवला. त्या गोळ्या पोरांना एकदाच मिळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना काळी शी झाली आणि आया पदर खोचून शाळेत आल्या. "पोरांच्या पोटात काय कालवलं वो बाई?" गोळीनं तसं होतंच, घाबरायचं नसतं, हे बाईंनी परोपरीनं सांगितलं. पण ऐकतंय कोण? शेवटी बाईंनी कंटाळून खोका आत टाकला तो टाकलाच.

आणि आज सकाळी फळ्याखालचा उरलासुरला खडूही गायब! बाईंनी प्रार्थनेलाच जाहीर केलं, "खडू खाणाऱ्याची जीभ पांढरी असणार. मधल्या सुट्टीनंतर बघते. सापडेल त्याचं नाव शनिवारच्या कबड्डीतून कट."

कबड्डीच्या संघाची कप्तान तेजल होती. आणि खडू तिनंच खाल्ले होते. का, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. ओल्या भिंतीचा वास आला तरी तिच्या तोंडाला पाणी सुटायचं, खडू तर समोरच असायचा. हल्ली एका चढाईतच तिला धाप लागायची. हेही तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. धापा टाकणारी कप्तान कोण ठेवील?

पण पोरगी बारा गावचं पाणी प्यायलेली. खिचडी खाऊन ती घरी पळाली आणि आजीच्या चंचीतलं पान, चुना आणि कात काढून तिनं झकास विडा चघळला. जीभ कशी लालभडक!

रांगेत पहिला आकाश. त्याची जीभ पांढरीफटक.

"सापडला!" बाईंनी कान धरला.

"देवाशप्पत, बाई, म्या न्हाई खाल्ला!" आकाश रडकुंडीला आला.

पुढची समीक्षा. तिचीही जीभ पांढरी. मग संदेश. त्याचीही तीच गत. बाईंना कान धरायला हात पुरेनात. अख्खी वाडी खडू खाते की काय! शेवटी तेजल पुढं आली.

"बघा रे, बघा!" बाई हरखल्या. "याला म्हणतात जीभ. शिका जरा कप्तानाकडून!"

डोळे पुसत आकाशनं तेजलकडं पाहिलं. तिची एकही पकड त्याच्याशिवाय पुरी होत नसे. तेजलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई," ती खाली मान घालून म्हणाली, "खडू म्या खाल्लं. ह्यांनी कुणीच न्हाई. माझी जीब पानानं रंगलीया."

बाईंनी आकाशचा कान सोडला. "मग यांच्या जिभा पांढऱ्या कशानं?"

बाईंनी आकाशच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरी. समीक्षाची तशीच. तेजलची तर सगळ्यांहून पांढरी. पोरांच्या अंगात रक्तच नव्हतं, खडूची हावही त्यापायीच! बाईंचा राग कुठल्या कुठं गेला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी कपाट उघडलं, खडूचा डबा बाजूला सारला आणि खालचा खोका बाहेर काढला.

"उद्या सगळ्यांनी दवाखान्यात रक्त तपासायचं. आज गोळीपासून सुरुवात. कप्तान पहिली."

तेजल जागची हलेना. "मंजी बाई, शनवारी मी हाय?"

"या शनिवारी कडेला बसून ओरडायचं. दम आला की चढाई."

तेजलनं गुमान हात पुढं केला. मागून आकाश पुटपुटला, "बाई, आय वराडंल. शी काळी व्हती."

बाईंनी एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि वर घटाघटा पाणी प्यायल्या.

"सांग आईला," त्या म्हणाल्या, "उद्या बाईंचीपण काळीच होणार आहे."