आमचाच काढा

"कॅन्सर नाही," दुर्बिणीनं तपासून, स्कॅन पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मोठं आतडं निळंजांभळं पडलंय, शिरांत चुना साचलाय. दुर्मीळ आजार आहे. रोज कुठलं औषध घेता?"

"आमचाच पोटाचा काढा. तीस वर्षं," वैद्य मोरेश्वरराव म्हणाले.

"त्यातल्याच एखाद्या वनस्पतीनं हे केलंय. आजपासून बंद."

बाहेर येताच मुलगा म्हणाला, "अप्पा, कुठं बोलू नका. तीन पिढ्यांचं नाव जाईल."

"जाऊ दे! अपाय कळल्यावरही तोच काढा लोकांना पाजू?"

आपल्या दवाखान्यात येऊन त्यांनी काढ्याच्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या आणि रुग्णांच्या वहीतला पहिला नंबर लावला.

"मोरेश्वर वैद्य बोलतोय. आमचा काढा थांबवा, आतडं तपासून घ्या. चूक माझी आहे."

पलीकडून शिव्या आल्या. त्या पूर्ण ऐकून त्यांनी पुढचा नंबर लावला.