कपारीतला नेचा

"चैतात हे वाळून कोळ होईल. मेलं म्हणून उपटू नको, अन् कीव येऊन पानी तर घालूच नको. निजलेलं असतं ते. मिरग झाला की आपलं आपुन उठतं."

सत्यशीला हसली. "आई, मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झालेय. नेचा आहे हा. नेच्याला ओल लागते."

"आसल. पर आमच्या वढ्याची कपार काय कालेजात गेली न्हाई."

संक्रांत नुकतीच झाली होती. मागच्या अंगणात उत्तरेच्या भिंतीला कायम सावली असते, तिथं दगड रचून बाग करायचीय, असं लेकीनं पत्रात लिहिलं होतं. केशरबाईनं पत्र वाचून घेतलं आणि पेडगावहून सकाळच्या पॅसेंजरनं ती सेलूला आली. ओल्या फडक्यात नेच्याचे चार गड्डे होते. तीन लावून झाले, तेव्हा घरमालकीण कमलकाकू मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

ही खोली मिळायला सत्यशीलाच्या नवऱ्याला, पंडितला, चार महिने लागले होते. दोन ठिकाणी जात विचारून दार लावून घेतलं होतं. इथं आडनावावरून काही कळलं नाही आणि यांनीही काही सांगितलं नाही. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, साड्यांच्या खाली होता. सत्यशीलाच्या कडेवर दहा महिन्यांची पोर होती.

"ही कोन गं?" काकूंनी विचारलं.

"बागकामाची बाई आहे." सत्यशीलाच्या तोंडून निघून गेलं.

केशरबाईनं मान वर केली नाही. माती दाबणारी बोटं तेवढी जरा थांबली. कडेवरची पोर आजीकडं झेपावली.

"हात मातीचे हायेत, वैनीसाब. धरा लेकराला," केशरबाई म्हणाली. आपल्याच लेकीला.

"लेकरू लय लवकर वळखायलंय की गं हिला!" काकू हसल्या. "ए बाई, ते उरलेलं आमच्या हौदामागं लावून दे. अन् सत्यशीला, पानी पाज तिला. वरून धर हां. कोनाची कोन, काय ठावं."

सत्यशीलानं वरून धार धरली. खाली आईची ओंजळ होती.

पाणी पिऊन केशरबाईनं पदरानं तोंड पुसलं. चौथा गड्डा हौदामागं लावला. दुपारच्या गाडीची वेळ विचारली आणि न जेवता निघून गेली.

चैत्रात नेचा वाळला. पानं तपकिरी होऊन आत वळली, मुठी आवळल्यासारखी. सत्यशीलाला ती बघवेनात. सकाळ-संध्याकाळ ती तांब्या तांब्या पाणी ओतत राहिली. आईला तिनं तीन पत्रं घातली. एकाचंही उत्तर आलं नाही. वैशाख संपता संपता तिनं गड्डा बोटानं दाबून पाहिला. लगदा हाताला आला. तिन्ही कुजले होते.

हौदामागच्या गड्ड्याला कुणी थेंबभर पाणी घातलं नव्हतं. मृग होऊन आठवडा झाला आणि तो हिरवागार उठून बसला.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा पेटला. गावोगावच्या बातम्या येऊ लागल्या. पंडितनं ऐन तणावात तिला जाऊ दिलं नाही. जरा निवल्यावर ती पोरीला घेऊन पेडगावला गेली. आईच्या दाराला कुलूप होतं. भीतीनं निम्मी आळी पाहुण्यांकडं निघून गेली होती. कुणी म्हणालं, केशर परभणीला गेली. कुणी म्हणालं, मानवतला, कुणाच्यातरी बागेत कामाला लागली.

ती सेलूला परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू तांब्या घेऊन हौदावर आल्या. "आमचं बघ कसं उठलंय! तुझंच कुजलं. त्या बाईला बोलव की पुन्हा."

"बाई नाही ती, काकू. माझी आई आहे."

काकूंनी हातातला तांब्या खाली ठेवला. तो परत उचलला नाही. आठ दिवसांत खोली रिकामी करावी लागली. निघताना सत्यशीलानं हौदामागचा नेचा मागितला नाही. मागायला तोंड नव्हतं.

ती अजून शोधते आहे. तुमच्या अंगणात, परसात कामाला येणारी एखादी वयस्क बाई असेल, लेकरू झेपावलं की मातीचे हात पाठीमागं नेणारी, तर तिला एकदा नाव विचारा. जेवलीस का, तेही विचारा. केशर म्हणाली, तर आधी तांब्या तिच्या हातात द्या. मग सांगा, लेक शोधायलीय. पाणी वरून कुणी घातलं होतं, ते मात्र विचारू नका. ती सांगायची नाही.