तर्जनीवरचा दिवा

नखी चढवलेल्या तर्जनीच्या मुळाशी, अंगठीतला तांदळाएवढा दिवा मृणाल सतार वाजवू लागली की पिवळा होई. पिवळा म्हणजे दुसऱ्यावर मात करायची ओढ, हिरवा म्हणजे निव्वळ आवड. या अंगठ्या आल्यापासून माणूस एखादी गोष्ट का करतो, हे लपवायची सोय उरली नव्हती.

कालिंदीबाईंच्या वर्गात मृणालचा हात सगळ्यांत तयार होता. तिच्या धाकट्या बहिणीचे, ऋजुताचे सूर अजून घसरत, पण सतार मांडीवर घेताच तिचा दिवा हिरवा होई. त्या हिरव्याने मृणालचा जीव जळे.

आज बाई दोघींपैकी एकीच्या हाती वर्ग सोपवणार होत्या. ऋजुता अजून आली नव्हती.

"तोवर तू वाजव," बाई म्हणाल्या.

मृणालने बागेश्री धरला. बोटं बिनचूक फिरत होती, दिवा मात्र विझलेला होता.

"अंगठी बिघडली वाटतं," ती वाजवणं थांबवून पुटपुटली.

बाई वाकून अंगठी पाहू लागल्या. तेवढ्यात ऋजुता धापा टाकत आत आली.

"थांबलीस का गं ताई? वाजव की, मी काय खाते का तुला?"

मृणालने तार छेडली. दिवा लख्ख पिवळा झाला. बाईंनी तो पाहिला, हे तिलाही दिसलं. कित्येक वर्षं घशात अडकलेलं वाक्य आता गिळता येईना. तिने सतार खाली ठेवली.

"बाई, वर्ग ऋजुताला द्या. मला सतार कधी आवडलीच नाही. ही शिकायला लागली म्हणून मी आले होते. उद्यापासून मी येणार नाही."